मिरजेचे डॉक्टर वॉनलेस आणि आपले डोळे

रमजानमध्ये सहेरीची वेळ संपत आली की आपण मशिदीच्या अजानकडे कान लावून बसतो. हातातला पाण्याचा ग्लास कधी खाली ठेवायचा हे ती अजान ठरवते. पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या काळात मदिनेत पहाटे दोन अजान होत. पहिली हजरत बिलाल (रजि.) अजून रात्र असतानाच देत, झोपलेल्यांनी उठून सहेरी करावी म्हणून. दुसरी अजान झाली की खाणेपिणे थांबायचे. ती दुसरी अजान हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) देत असत, आणि ते दोन्ही डोळ्यांनी अंध होते. पहाट फुटली हे लोक त्यांना सांगत, मग ते अजान देत. म्हणजे ज्याला उजेड दिसत नव्हता त्याच्या आवाजावर साऱ्या गावाचा रोजा सुरू व्हायचा. कुराणातील ८०वी सूरह याच अंध गृहस्थांच्या निमित्ताने उतरली. काही शिकायला आलेल्या अंध माणसाकडे मोठ्या लोकांच्या नादात पाठ फिरवू नये, ही शिकवण त्या सूरहमध्ये खुद्द नबींना दिली गेली आहे.

अंध माणसाचा मान राखणे हा झाला आपला धर्म. पण जे अंधत्व टाळता येते ते टाळायचे की नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला दरवर्षी एका माणसाची आठवण होते. ते मुसलमान नव्हते, हिंदू नव्हते, या देशातलेही नव्हते. पण आपल्या दक्षिण महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत गेलेली नजर परत आली ती त्यांच्या हातून. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलचे संस्थापक डॉ. विल्यम जेम्स वॉनलेस यांच्याविषयी आज लिहायचे आहे.

कॅनडाहून मिरजेला

वॉनलेस यांचा जन्म १८६५ मध्ये कॅनडातील ओंटारियो प्रांतात झाला. वैद्यकीय शिक्षण त्यांनी न्यूयॉर्कमध्ये घेतले आणि १८८९ मध्ये पदवी मिळताच अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर म्हणून ते भारतात आले. तेव्हा त्यांचे वय होते अवघे २४ वर्षे. पत्नी मेरी या स्वतः परिचारिका होत्या. दोघे आधी सांगलीला राहिले, तिथे छोटा दवाखाना चालवला आणि काही काळाने मिरजेत आले.

मिरज तेव्हा पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होती. पुण्याहून बेळगावकडे जाणारा लोहमार्ग नुकताच मिरजेवरून सुरू झाला होता. गावात ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा होता, जिथे हिंदू-मुसलमान दोघेही नवस बोलायला येत. तंतुवाद्ये घडवणाऱ्या कारागिरांचे हे गाव. तार किती ताणायची हे कान सांगतो, पण भोपळ्यावरची नक्षी आणि पडद्यांची जागा डोळ्यांनीच बसवावी लागते. अशा गावात चांगल्या नजरेची किंमत कोणाला सांगावी लागत नाही.

मिरजेत सुरुवात झाली तीही लहानशा दवाखान्यापासून. रुग्ण वाढत गेले आणि जागा अपुरी पडू लागली. संस्थानिकांनी जमीन दिली, अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे उद्योजक जॉन कन्व्हर्स यांनी इमारतीसाठी पैसे दिले आणि १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय उभे राहिले. हिंदू संस्थानिकाची जमीन, ख्रिस्ती दात्याचा पैसा आणि रुग्ण सगळ्या धर्मांचे, असा हा कारभार होता.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वॉनलेस हे मिशनरी होते आणि आपला धर्म सांगणे हे ते आपल्या कामाचाच भाग मानत. रुग्णालयात ख्रिस्ती प्रार्थना होत. याबद्दल तेव्हाही लोकांच्या मनात शंका होत्या आणि आजही कोणाला त्याविषयी वेगळे वाटू शकते. पण ज्यांनी तिथे पाय ठेवला ते बहुतेक सारे आपापल्या धर्मातच राहिले, फक्त आजार तिथे ठेवून घरी परतले. धर्म वेगळा असला तरी उपकार मानता येतात, हे आपल्या आजी-आजोबांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

सुईवाले वैदू आणि सुरीवाला डॉक्टर

वॉनलेस आले तेव्हा डोळ्यांच्या आजारांवर आपल्याकडे उपाय नव्हते असे नाही. मोतीबिंदूवरच्या शस्त्रक्रियेचे वर्णन सुश्रुतांच्या ग्रंथात आहे. पुढे हजार वर्षांपूर्वी मोसुलचे हकीम अम्मार इब्ने अली यांनी पोकळ सुईने मऊ मोतीबिंदू ओढून काढण्याची युक्ती लिहून ठेवली. पण शतके गेली तशी ही विद्या गावोगाव फिरणाऱ्या सुईवाल्यांच्या हाती उरली. ते डोळ्यात सुई घालून गढूळ झालेले भिंग मागे ढकलून देत. बाहुली मोकळी झाली की रुग्णाला लगेच माणसे दिसू लागत. सुईवाला पैसे घेऊन पुढच्या गावी जाई. त्यानंतर कित्येकांच्या डोळ्यात पू होई किंवा डोळ्याचा दाब वाढे आणि आलेली नजर कायमची जाई. तोपर्यंत तो माणूस सापडत नसे.

वॉनलेस यांच्या हातात दोन नव्या गोष्टी होत्या. एक म्हणजे निर्जंतुक हत्यारे. दुसरी म्हणजे डोळा बधिर करणारे थेंब. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखवून दिले होते, म्हणजे वॉनलेस भारतात येण्याच्या केवळ ५ वर्षे आधी. त्यामुळे रुग्ण जागा असताना, त्याला वेदना न होता, बुबुळाच्या कडेला छेद घेऊन गढूळ भिंग डोळ्याबाहेर काढता येऊ लागले.

आजच्यासारखी ती अर्ध्या तासात घरी सोडणारी शस्त्रक्रिया नव्हती. छेद मोठा असे. तो नीट जुळून यावा म्हणून रुग्णाला कित्येक दिवस डोळ्यांवर पट्टी बांधून उताणे पडून राहावे लागे. मान हलवायची नाही, खोकायचे नाही. घरचे माणूस शेजारी बसून भरवत असे. पुढे काही आठवड्यांनी सोड्याच्या बाटलीच्या बुडासारख्या जाड काचेचा चष्मा मिळे. भिंगच काढून टाकलेले असल्यामुळे त्या चष्म्याशिवाय सारे धूसर दिसे. पण ज्याने दोन-तीन वर्षे नातवाचे तोंड पाहिले नव्हते त्याला तो जाड चष्माही ईदेसारखा वाटे.

बातमी पसरायला वर्तमानपत्र लागले नाही. नजर परत आलेला एक म्हातारा गावात काठीशिवाय चालताना दिसला की पुढच्या बाजारापर्यंत दहा गावांना कळायचे. वॉनलेस सर्वच प्रकारच्या शस्त्रक्रिया करत, पण दूरदूरच्या खेड्यांत त्यांचे नाव झाले ते मुख्यतः डोळ्यांमुळे.

वैरागहून मिरज

आपल्या वैरागच्या माणसाला तेव्हा मिरज किती लांब होते ते पाहा. आधी बैलगाडीने बार्शी. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी बार्शी ते कुर्डुवाडी सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोहोचली, आणि पंढरपूरहून मिरजेपर्यंत रूळ जायला १९२७ साल उजाडले. त्याआधी मिरजेला जायचे तर कुर्डुवाडीहून मोठ्या गाडीने पुण्याकडे वळसा घ्यायचा किंवा पंढरपूरपासून पुढे गाडीवाटेने जायचे. सोबत एक माणूस, पिठाची पिशवी, चटणी, वाकळ आणि डोळ्यांवर पदर ओढलेली आजी. जाऊन येऊन महिना मोडायचा. तरी लोक जात, कारण दुसरा उपाय जवळ नव्हता.

आणि आज? वैरागहून बार्शी पाऊण तासाच्या आत गाठता येते. सोलापूरला सरकारी रुग्णालय आहे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून सुरू आहे आणि त्याखाली सरकारी रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते. १९४९ मध्ये लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसवून दाखवले, तेव्हापासून जाड चष्म्याचीही गरज हळूहळू संपली. छेद दोन-तीन मिलिमीटरचा, बहुधा टाका नाही, त्याच दिवशी घरी. उपाय इतका जवळ येऊनही आपण उशीर करतो, हे मी स्वतःच्या घरातून सांगतो.

नानीचा मोतीबिंदू

माझी नानी रमजानमध्ये रोज एक पारा वाचायची. एका वर्षी ती कुराण तोंडाजवळ धरू लागली. दाराच्या चौकटीला तिचा खांदा लागायचा, ताटाच्या कडेची वाटी तिला दिसायची नाही. घरातले सगळे म्हणाले, वय झाले, मोतीबिंदू असेल, पिकला की काढू. आम्ही तो पिकायची वाट पाहिली. दोन वर्षांनी दाखवले तेव्हा कळले की मोतीबिंदू थोडा होता, पण खरा आजार काचबिंदू होता. डोळ्याच्या आतला दाब वाढून डोळ्यामागची नस वाळत गेली होती. बाजूची नजर आधी जाते, समोरचे शेवटपर्यंत दिसत राहते, म्हणून रुग्णाला आणि घरच्यांना पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली सांभाळण्यासाठी रोज थेंब टाकायचे एवढेच हातात होते. त्यानंतरचे रमजान नानीने ऐकून काढले. कोणीतरी वाचायचे आणि ती ओठ हलवायची.

यातून शिकण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली, मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहायची गरज नाही. ती समजूत वॉनलेस यांच्या काळातली आहे, जेव्हा कच्चे भिंग पूर्ण निघत नसे. आज रोजच्या कामात अडथळा येऊ लागला, रात्री समोरच्या दिव्यांचा झगमगाट होऊ लागला, रंग फिके वाटू लागले, चष्म्याचा नंबर सारखा बदलू लागला की दाखवावे आणि डॉक्टर सांगतील तेव्हा काढावा. फार पिकलेला मोतीबिंदू उलट फुगतो, डोळ्याचा दाब वाढवतो आणि काढायला अवघड जातो. दुसरी, सगळे धूसर दिसणे म्हणजे मोतीबिंदू नव्हे. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, म्हणून ४० वर्षांनंतर दर एक-दोन वर्षांनी डोळ्याचा दाब आणि नस तपासून घ्यावी. घरात आई-वडील किंवा भावंडाला काचबिंदू असेल तर नक्कीच.

दुष्काळ, प्लेग आणि लहान मुलांचे डोळे

वॉनलेस यांच्या सुरुवातीच्या वर्षांतच दख्खनवर १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ आले. त्याच सुमारास प्लेगही आला. सोलापूर जिल्ह्याने हे सारे भोगले. दुष्काळात पोरांचे डोळे जात असत. आधी संध्याकाळनंतर दिसेनासे व्हायचे, मग बुबुळ कोरडे पडायचे आणि विरघळून जायचे. याचे कारण 'अ' जीवनसत्त्वाचा अभाव हे जगाला कळले ते १९१३ नंतर. आज तसा दुष्काळ नाही, तरी रातांधळेपणा दिसला तर हसण्यावारी नेऊ नये. शेवगा, मेथी, पालक, गाजर, पपई, अंडी, दूध ही त्यावरची साधी ढाल आहे. अंगणवाडीत बाळांना दिला जाणारा जीवनसत्त्वाचा डोस त्याचसाठी असतो, तो चुकवू नये.

मुलांच्या बाबतीत आजचा प्रश्न वेगळा आहे. मूल फळ्यावरचे चुकीचे उतरवून घेते, टीव्हीच्या अगदी पुढे जाऊन बसते, डोळे बारीक करून पाहते, सारखे डोके दुखते म्हणते. मास्तर त्याला आळशी म्हणतात आणि घरचे मोबाइलला दोष देतात. बऱ्याचदा त्याला फक्त चष्मा हवा असतो. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल किंवा डोळा तिरळा असेल तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि तो डोळा आळशी बनतो. हे ७-८ वर्षांच्या आत सापडले तर चांगले सुधारते, मोठेपणी अवघड जाते. तिरळेपणा म्हणजे नशीब किंवा देखणेपणाची खूण नव्हे, तो दाखवण्याचा आजार आहे. मुलगी आहे, चष्मा लागला तर लग्नाला अडचण येईल, म्हणून तपासणी टाळणारी घरे मी पाहिली आहेत, आपल्या मोहल्ल्यातही आणि पेठेतही. चष्मा लपवता येतो, अर्धी गेलेली नजर लपवता येत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बाळाच्या काळ्या बुबुळात पांढरी झाक दिसली, फोटोत एका डोळ्यात लाल ठिपक्याऐवजी पांढरा ठिपका आला, तर एक दिवसही थांबू नये. तो जन्मजात मोतीबिंदू असू शकतो आणि कधी डोळ्याचा कर्करोगही. लवकर सापडला तर बाळ वाचते आणि पुष्कळदा डोळाही वाचतो.

एका माणसाचे काम, अनेक हात

वॉनलेस यांनी ओळखले होते की एकटा डॉक्टर किती डोळे उघडणार. म्हणून १८९७ मध्ये त्यांनी मिरजेतच तरुणांना वैद्यकीय शिक्षण द्यायला सुरुवात केली. परिचारिकांचे शिक्षणही उभे राहिले. तयार झालेली मुले-मुली वेगवेगळ्या दवाखान्यांत गेली. कुष्ठरोग्यांसाठी वेगळी सोय झाली. क्षयरोग्यांसाठी मिरज-सांगलीच्या मध्ये उभे राहिलेले आरोग्यधाम तर त्यांच्याच नावाने ओळखले जाते. वानलेसवाडी हे नाव आज तिथल्या वस्तीचेच झाले आहे. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांशी त्यांचा स्नेह होता. मेरी वॉनलेस यांच्या निधनानंतर कोल्हापुरातील रुग्णालयाला त्यांचे नाव दिले गेले. पत्नी गेल्यावरही वॉनलेस मायदेशी परतले नाहीत, मिरजेतच काम करत राहिले.

सुमारे ४० वर्षे त्यांनी मिरजेत काढली. १९२८ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी ते निवृत्त झाले. वर्षभरापूर्वीच बार्शीची छोटी गाडी मिरजेला पोहोचली होती. म्हणजे आपल्या भागातून त्यांच्या दारापर्यंत सरळ रूळ आले, आणि ते निरोप घेऊन गेले. १९३३ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले. त्यांनी उभे केलेले काम मात्र मिरजेतच राहिले. मिरज ही रुग्णांची पंढरी म्हणून ओळखली जाते, तिची पहिली वीट त्यांची आहे.

रोजा आणि डोळ्यांचे औषध

आता रमजानपुरते काही. दरवर्षी काही रुग्ण रोजा तुटेल या भीतीने महिनाभर डोळ्यांचे थेंब बंद करतात. काचबिंदूच्या रुग्णाने असे करणे म्हणजे उरलेल्या नजरेवर पाणी सोडणे आहे. हनफी फिकहच्या प्रचलित मतानुसार डोळ्यात औषध टाकल्याने रोजा तुटत नाही, घशात कडवट चव जाणवली तरीही. कोणाला शंका असेल तर आपल्या मौलानांना विचारावे, पण औषध आधी बंद करून नंतर विचारू नये. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरला तर औषध घशात फारसे उतरत नाही. दिवसातून दोनदा टाकायचे थेंब सहेरी आणि इफ्तारच्या वेळेला बसवता येतात का, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

मधुमेह असलेल्यांनी रोजे धरण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. साखर फार खाली-वर झाली की नजरही धूसर होते. त्याहून महत्त्वाचे असे की मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या गळू लागतात आणि सुरुवातीला काहीच कळत नाही. दिसते आहे म्हणून डोळा चांगला आहे, असे मधुमेही माणसाने समजू नये. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. लेसर किंवा इंजेक्शनचा उपचार वेळेत झाला तर नजर टिकवता येते.

नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल तर वजू करताना डोळ्यात पाणी जाऊ देऊ नये आणि डॉक्टरांनी वाकू नका सांगितले असेल तर बसून, इशाऱ्याने नमाज अदा करावी. आजाऱ्याला ही सवलत धर्मानेच दिली आहे.

सुरम्याविषयीही लिहिले पाहिजे. ईदेला आणि जुम्म्याला सुरमा लावणे आपल्याकडे आवडीचे आहे. पण बाजारातल्या काही सुरम्यांत शिसे असते आणि ते विशेषतः लहान बाळांना बाधते. एकच सळई सगळ्या घरात फिरली तर एकाचे आलेले डोळे सगळ्यांना येतात. काजळाचेही तसेच. नवजात बाळाच्या डोळ्यात सुरमा, काजळ, मध, दूध, काहीही घालू नये.

ईदेच्या आधी शिंपीकाम करणाऱ्यांचे रात्रीचे दिवे उशिरापर्यंत जळतात. चाळिशी ओलांडलेल्या कित्येक कारागिरांना सुई ओवायला पोराला हाक मारावी लागते. ही चाळिशी, आजार नव्हे. जवळचा चष्मा लावला की काम पुन्हा सोपे होते. तो लावल्याने डोळे आणखी बिघडतात हा गैरसमज आहे.

केव्हा थांबायचे नाही

डोळे आले असतील, म्हणजे लाली, चिकट घाण, खाज एवढेच असेल, तर हात धुवावेत, टॉवेल वेगळा ठेवावा, बहुतेक वेळा ते आठवड्याभरात बरे होतात. पण लालीबरोबर खूप दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा नजर कमी झाली असेल तर ते साधे डोळे येणे नव्हे. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे.

आपला भाग ज्वारीचा. कापणी-मळणीत जोंधळ्याचे पाते किंवा कुसळ डोळ्याला लागते. रात्री ठणका लागतो, सकाळी बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. ही बुबुळाची जखम आहे. अशा वेळी दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणू नयेत. त्यांतल्या काहींत स्टिरॉइड असते. लाली झटकन जाते, पण बुरशी आतल्या आत वाढते आणि डोळा हातचा जातो. झाडपाला, कांद्याचा रस, जिभेने कचरा काढणे हेही टाळावे.

चुना, कीटकनाशक, आम्ल डोळ्यात उडाले तर डॉक्टर शोधण्याआधी डोळा स्वच्छ पाण्याने सलग १५ ते २० मिनिटे धुवावा, मग रुग्णालयात न्यावे. टोकदार वस्तू घुसली असेल तर मात्र धुऊ नये, चोळू नये, ती ओढूनही काढू नये. वर हलके आवरण ठेवून तसेच न्यावे.

डोळ्यापुढे अचानक विजा चमकल्यासारख्या झाल्या, काळे ठिपके एकदम वाढले, एका बाजूने पडदा ओढल्यासारखे झाले, एका डोळ्याची नजर एकाएकी गेली, एकाची दोन माणसे दिसू लागली, किंवा डोके आणि डोळा ठणकून उलट्या होऊ लागल्या आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, तर इफ्तारची वाट पाहू नये. रोजा नंतर पूर्ण करता येतो.

चंद्र दिसला का?

रमजान हा जकात आणि सदक्याचाही महिना. जकातीचे नियम ठरलेले आहेत, ती हक्कदारांनाच द्यायची. पण सदका कोणालाही देता येतो, त्याला धर्म विचारावा लागत नाही. शेजारच्या म्हातारीला बार्शी-सोलापूरला नेऊन आणणे, तिच्यासोबत रुग्णालयात दिवसभर बसणे, एखाद्या पोराचा चष्मा करून देणे, हा सदकाच आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते, पण सोबत जायला माणूस नाही म्हणून किती म्हातारी माणसे वर्षानुवर्षे अंधारात बसून असतात ते आपल्या गल्लीत नजर टाकली तरी कळेल.

महिन्याच्या शेवटी आपण सगळे पश्चिमेकडे तोंड करून गच्चीवर उभे राहू. कोणीतरी बोट दाखवेल, पोरे ओरडतील, आणि एखादी आजी दिसला दिसला म्हणत मान हलवेल. खरे तर तिला काहीच दिसलेले नसेल, आपल्या आनंदात विरजण नको म्हणून ती तसे म्हणेल. यंदा तिच्याकडे जरा लक्ष द्या. हिलालची कोर अगदी बारीक असते, ती न दिसणे हा आजार नव्हे. पण दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीचा ठळक चंद्रही तिला दिसत नसेल, समोरचा चेहरा आवाजावरूनच ओळखत असेल, तर ईदेचा शीरखुर्मा झाला की लगेच तिला डॉक्टरकडे घेऊन जा. आपल्या पणजोबांच्या पिढीने बैलगाडीतून मिरज गाठली होती. आपल्याला एवढे लांब जायचे नाही.

सर्वांना रमजान मुबारक.